खेकड्यांचा हंगाम आणि सामाईक संपत्तीचा हिशेब

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील मेरीलँड राज्यात दरवर्षी १ एप्रिलला निळ्या खेकड्यांचा हंगाम सुरू होतो. त्या आधीच्या काही आठवड्यांत तेथील हजारो घरांत एक ठराविक लगबग दिसते. हिवाळाभर अडगळीत पडलेले पिंजरे बाहेर काढले जातात, गंजलेल्या तारा बदलल्या जातात, दोर तपासले जातात, छोट्या बोटींची यंत्रे चालू करून पाहिली जातात आणि आमिषासाठी कोंबडीच्या मानांची व्यवस्था केली जाते. ही तयारी करणारे लोक धंदेवाईक मच्छीमार नव्हेत. ते शिक्षक आहेत, कारकून आहेत, निवृत्त कामगार आहेत. पकडलेला खेकडा त्यांनी विकायचा नाही, स्वतःच्या पंगतीला वाढायचा, अशी कायद्याची अट आहे. या हौशी मंडळींसाठी सरकारने स्वतंत्र परवाने, स्वतंत्र मर्यादा व स्वतंत्र वेळापत्रक आखलेले आहे.

सुटीच्या दिवशी चार खेकडे पकडणाऱ्या परक्या देशातील माणसांची दखल मराठी वृत्तपत्राच्या अग्रलेखाच्या पानाने का घ्यावी, असा प्रश्न सकृद्दर्शनी पडेल. परंतु या हौसेच्या मुळाशी अर्थशास्त्रातील एक जुना व अद्याप पुरता न सुटलेला प्रश्न आहे. जी संपत्ती कोणा एकाच्या मालकीची नाही, जिच्यावर सर्वांचा थोडा थोडा हक्क आहे, तिचा उपभोग घेण्यापूर्वी हिशेब कोणी मांडायचा, आणि तो प्रतिकूल निघाला तर कात्री कोणाच्या वाट्याला लावायची? चेसापीक उपसागराच्या काठी या प्रश्नाचे उत्तर गेली साडेतीन दशके आकडे हाती घेऊन शोधले जात आहे. त्या प्रयत्नातील यश आणि उणीव ही दोन्ही आपल्याला शिकवण्याजोगी आहेत.

उपसागर आणि त्याचा रहिवासी

चेसापीक हा अमेरिकेतील सर्वांत मोठा खाडीसदृश उपसागर. त्याची लांबी सुमारे ३२० किलोमीटर आहे. उत्तरेकडून सस्क्वेहाना, पश्चिमेकडून पोटोमॅक, जेम्स आदी नद्या त्याला गोडे पाणी आणून देतात आणि दक्षिणेच्या मुखातून अटलांटिकचे खारे पाणी आत शिरते. वरचा भाग मेरीलँडचा, खालचा व्हर्जिनियाचा. या दोन राज्यांत तेथील मासेमारीवरून झालेले तंटे अमेरिकेच्या राज्यघटनेहूनही जुने आहेत. १७८५ साली पोटोमॅकसंबंधी दोहोंत करार झाला होता. आज या नदीसाठी दोन्ही राज्यांचा एक स्वतंत्र आयोग आहे. म्हणजे एकाच पाण्यातील एकाच खेकड्यावर तीन सत्तांचे नियम चालतात.

खेकड्याला मात्र या सीमा ठाऊक नाहीत. मेरी रॅथबन या प्राणिशास्त्रज्ञ बाईंनी १८९६ मध्ये या जातीला दिलेल्या शास्त्रीय नावाचा अर्थ ‘रुचकर, सुंदर पोहणारा’ असा होतो. शास्त्रज्ञाने नावातच चवीचा उल्लेख करावा, यावरून या प्राण्याचे भवितव्य लक्षात यावे! त्याचे आयुष्य साधारणपणे तीन वर्षांचे. थंडी पडली की तो तळाच्या चिखलात स्वतःला गाडून घेतो आणि पाणी तापू लागले की बाहेर येतो. नर वरच्या, कमी खारट पाण्यात अधिक सापडतात. मादी आपली शेवटची कात टाकताना, म्हणजे सामान्यतः आयुष्यात एकदाच, नराशी संयोग करते आणि नंतर दूरचा प्रवास करून उपसागराच्या मुखाकडील खाऱ्या पाण्यात जाते. तेथे एकेका खेपेस ती लक्षावधी अंडी घालते. त्यांतून निघालेली सूक्ष्म पिले समुद्रात वाहत जातात आणि वारे व प्रवाह अनुकूल असतील तर काही आठवड्यांनी परत उपसागरात येतात. मेरीलँडच्या माणसाच्या ताटात येणारा खेकडा अशा रीतीने व्हर्जिनियाच्या पाण्यात जन्मलेला असतो, आणि मेरीलँडने राखलेली मादी व्हर्जिनियाच्या पिंजऱ्यात सापडू शकते. एकाने बचत करावी आणि तिचे व्याज दुसऱ्याने खावे, अशी ही रचना आहे. दोघांनी मिळून बचत केली तरच ती टिकते.

गणनेची शिस्त

सामाईक संपत्तीचा नाश अटळ आहे, कारण प्रत्येकाला आपला लाभ पूर्ण मिळतो आणि हानी मात्र सर्वांत वाटली जाते, असा निष्कर्ष गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये आपल्या सुप्रसिद्ध निबंधात काढला होता. त्याआधी १९५४ मध्ये स्कॉट गॉर्डन यांनी खुल्या मासेमारीच्या बाबतीत हाच तर्क आर्थिक भाषेत मांडला होता. पुढे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरच्या उदाहरणांवरून दाखवून दिले की, हा नाश अटळ नाही. उपभोग घेणाऱ्यांनी स्वतः सहभागी होऊन नियम केले, संपत्तीवर आणि एकमेकांवर देखरेख ठेवली, तर सामाईक संपत्ती पिढ्यान्‌पिढ्या टिकू शकते. त्यांना २००९ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, ते याच कार्यासाठी.

चेसापीकने देखरेखीचा भाग गंभीरपणे घेतला, हे मान्य केले पाहिजे. १९९० पासून दर हिवाळ्यात, खेकडे चिखलात निपचित पडलेले असताना, दोन्ही राज्यांच्या शास्त्रीय संस्था सुमारे दीड हजार ठिकाणी तळ खरवडून खेकड्यांची मोजदाद करतात. नर किती, मादी किती, पिले किती, हे वेगवेगळे मांडले जाते. एखाद्या बँकेने वर्षअखेरीस ताळेबंद प्रसिद्ध करावा, तसा हा उपसागराचा ताळेबंद होय. हवामानावरून अंदाज बांधणारे अनुभवी लोक सर्वत्र असतात. अमावास्येच्या सुमारास चिंबोरी भरलेली असते, असे आपल्या कोकणातही सांगतात. पण एका खेकड्यात मांस किती हे अनुभवाने कळले, तरी खाडीत खेकडे किती, हे मोजल्याशिवाय कळत नाही.

या मोजणीचा उपयोग २००८ साली झाला. प्रजननक्षम माद्यांची संख्या धोकादायक रीतीने घटल्याचे दिसताच दोन्ही राज्यांनी माद्यांची पकड सुमारे एक-तृतीयांशाने कमी करण्याचे ठरविले. व्हर्जिनियाने हिवाळ्यात तळ खरवडून खेकडे काढण्याची शतकाहून जुनी पद्धत बंद केली. मेरीलँडने हौशी मंडळींना मादी पकडण्यास संपूर्ण बंदी घातली. त्याच वर्षी केंद्रीय शासनाने हा धंदा आपद्‌ग्रस्त म्हणून जाहीर केला. त्यागाचे फळ दिसले. पुढील दोनच वर्षांत एकूण संख्या साठ कोटींच्या वर गेली आणि २०१२ मध्ये सुमारे ७६ कोटी ५० लाखांवर पोहोचली.

परंतु लगेच पुढच्या वर्षी, २०१३ मध्ये, ती ३० कोटींवर घसरली. या जातीची संख्या मुळातच लहरी आहे. वारा फिरला, पिले परतली नाहीत, मोठ्यांनी लहानांना खाल्ले, तर एका वर्षात चित्र पालटते. तथापि अलीकडील घसरणीला केवळ लहर म्हणता येणार नाही. २०२२ मध्ये २२ कोटी ७० लाख, म्हणजे गणना सुरू झाल्यापासूनचा नीचांक नोंदला गेला. २०२३ व २०२४ मध्ये संख्या ३० कोटींच्या किंचित वर राहिली, आणि २०२५ मध्ये पुन्हा २३ कोटी ८० लाखांवर आली. हा दुसरा नीचांक होय. मोजणी चोख, नियम कडक, तरी फळ हुलकावणी देते. असे का होते, हा खरा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

मादीचे रक्षण, नरावर भार

२०२५ च्या आकड्यांची फोड केली तर उत्तराचा एक धागा हाती लागतो. त्या वर्षी प्रौढ माद्या सुमारे १० कोटी ८० लाख होत्या. व्यवस्थापनाने माद्यांसाठी दोन रेषा आखलेल्या आहेत. ७ कोटी २५ लाख ही धोक्याची आणि १९ कोटी ६० लाख ही इष्ट रेषा. म्हणजे माद्या इष्ट पातळीपासून दूर असल्या तरी धोक्याच्या वर होत्या. प्रौढ नर मात्र अवघे २ कोटी ६० लाख उरले होते. मोजणीच्या इतिहासात इतके कमी नर कधीच आढळले नव्हते.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात नवल वाटू नये. एका वस्तूवर नियंत्रण आले की मागणी तिच्या पर्यायी वस्तूकडे वळते. साखरेवर बंधन घाला, गुळाचा भाव चढतो. २००८ नंतर मेरीलँडच्या हौशी माणसाला मादी वर्ज्य झाली. त्याची भूक कमी झाली नाही, ती सगळी नरावर आली. धंदेवाईकांच्या मादीवरील मर्यादा कडक झाल्या, तशी त्यांचीही नजर नराकडे गेली. शिवाय मोठा नर पंगतीत अधिक मानाचा आणि बाजारात अधिक मोलाचा. व्हर्जिनियात मात्र हौशी माणसाला मादी पकडण्याची सरसकट बंदी नाही. सीमेच्या अलीकडे जो गुन्हा, तो पलीकडे हक्क, अशी स्थिती आहे.

नर कमी झाले म्हणून काय बिघडले, असे कोणी म्हणेल. पुनरुत्पत्तीच्या हिशेबात मादीचे मोल अधिक, हे खरेच. परंतु मादीचा संयोग एकदाच होत असल्याने त्या वेळी तिला मिळालेल्या बीजावरच तिच्या साऱ्या खेपा अवलंबून असतात. मोठे नर विरळ झाले, उरलेल्यांवर एकामागून एक माद्यांचा भार आला, तर प्रत्येक मादीला पुरेसे बीज मिळेल काय, हा प्रश्न संशोधकांनी उपस्थित केला आहे. माद्यांसाठी दोन स्पष्ट रेषा आखणाऱ्या व्यवस्थेने २०२५ पर्यंत नरांच्या संख्येसाठी मात्र तशा रेषा आखल्या नव्हत्या. ज्याचे माप ठरलेले नाही त्याची बचत होत नाही, हा संसाराचा नियम येथेही खरा ठरला.

मेरीलँडला याची जाणीव झाली ती २०२२ च्या नीचांकानंतर. त्या वर्षी धंदेवाईकांच्या नरांच्या पकडीवर प्रथमच बुशेलची मर्यादा आली. बुशेल म्हणजे सुमारे ३५ लिटर मापाची टोपली. हौशी नौकेची दैनिक मर्यादा दोन बुशेलांवरून एकावर आणली गेली. पाऊल योग्य होते, पण ते माद्यांवरील निर्बंधानंतर चौदा वर्षांनी पडले.

आठ टक्क्यांचे गृहीत

हौशी मंडळी एकूण किती खेकडे काढतात? येथे या चोख हिशेबातील सर्वांत कच्चा कोपरा समोर येतो. धंदेवाईक मच्छीमाराला आपल्या पकडीची नोंद द्यावी लागते. हौशी माणसाला नाही. त्याची पकड धंदेवाईक पकडीच्या सुमारे आठ टक्के असते, असे गृहीत धरून व्यवस्थापनाचे अहवाल चालत आले आहेत. मेरीलँडमध्ये मादी वर्ज्य असल्याने तेथे नरांच्या पकडीच्या आठ टक्के धरतात. या गृहीतकास आधार आहे तो पूर्वी केव्हातरी केलेल्या मोजक्या पाहण्यांचा.

घरखर्चाच्या वहीत ‘किरकोळ’ नावाचे एक सदर असते. त्यात काय गेले हे कोणी विचारीत नाही, आणि महिनाअखेरीस तूट निघाली की ती बहुधा तेथेच दडलेली असते. आठ टक्क्यांचे हे सदर तसेच आहे. त्यातील दोष केवळ आकडा चुकण्याचा नाही. प्रमाण स्थिर धरल्यामुळे धंदेवाईकांची पकड घटली की हौशी पकडही कागदावर आपोआप घटते. प्रत्यक्षात मात्र उलटेही घडत असेल. खेकड्याचा भाव चढल्यावर अनेक कुटुंबे विकत घेण्याऐवजी स्वतःच बोट काढत असतील. महागाईत स्वयंपाकघरामागे भाजी लावणारे वाढतात, तसेच हे. ज्या वर्षी अचूक माहितीची गरज सर्वाधिक, नेमक्या त्याच वर्षी हे गृहीतक सर्वांत अविश्वसनीय ठरते. उपसागरावर पोट असलेल्या माणसाला यातला अन्याय जाणवला तर त्याला दोष देता येणार नाही. माझी टोपली मोजता, त्याची अंदाजाने सोडता, असे तो म्हणेल.

म्हणून हंगामाच्या तयारीत आमिष आणि दोर यांच्या जोडीला एक नोंदवही यावी, हे पहिले पाऊल होय. परवाना देताना वर्षभराच्या पकडीची संक्षिप्त नोंद परत करण्याची अट घालता येईल. प्रत्येकजण प्रामाणिकपणे लिहील असे नाही. पण अंदाजावर विसंबण्यापेक्षा अपुरी नोंद केव्हाही बरी, आणि लिहिणाऱ्या माणसाच्या मनात आपण एका मोठ्या हिशेबाचे घटक आहोत ही भावना रुजते, हा लाभ वेगळाच.

फूटपट्टीचे महत्त्व

नियम पाळले जातात ते केवळ दंडाच्या भीतीने नव्हे. जागच्या जागी, कोणाही सामान्य माणसाला पडताळून पाहता येईल, असा नियम अधिक पाळला जातो. मेरीलँडच्या नियमांत याची उत्तम उदाहरणे आहेत. १ एप्रिल ते १४ जुलैपर्यंत कवचाची रुंदी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किमान ५ इंच हवी; १५ जुलैपासून ती सव्वापाच इंच. त्यामुळे प्रत्येक हौशी माणसाच्या बोटीत मापाची पट्टी असते आणि बसत नसलेला खेकडा तो तेथेच पाण्यात सोडतो. नर-मादी ओळखणेही सोपे. खेकडा उलटा केला की पोटावरील झाकणाचा आकार दिसतो. नराचे झाकण वॉशिंग्टनमधील उंच स्मारकस्तंभासारखे निमुळते, प्रौढ मादीचे संसदभवनाच्या घुमटासारखे रुंद, असे तेथे लहान मुलांना शिकवतात. दोर लावून किंवा सापळे टाकून पकडणाऱ्या हौशी मंडळींना उपसागरात एरवी बुधवारी सक्तीची सुटी असते. बुधवारी टोपली भरलेली दिसली की शेजाऱ्यालाही कळते. ऑस्ट्रॉम ज्याला परस्पर देखरेख म्हणतात ती अशा साध्या नियमांतूनच साधते.

आपल्याकडे महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये ५४ जातींच्या मासळीसाठी पकडीचे किमान आकारमान ठरवून दिले. निर्णय स्वागतार्ह होता. परंतु तो अंमलात यायचा तर तो राजपत्रातून बंदरावर, आणि बंदरावरून प्रत्येक नौकेवरील पट्टीवर उतरावा लागतो. कोणत्या जातीला किती लांबी हे तांडेलाला आणि मासळी विकणाऱ्या बाईला पाठ झाल्याशिवाय अधिकाऱ्याची तपासणी पुरी पडणार नाही.

किनारा कोणाचा?

हौशी माणसे एका वर्गाची नसतात, हेही विसरून चालणार नाही. मेरीलँडमध्ये पुलावरून, धक्क्यावरून, सुतळीला कोंबडीची मान बांधून आणि दांड्याची जाळी घेऊन खेकडे पकडणाऱ्याला परवान्याची गरज नाही. त्याला दिवसाला दोन डझन नर मिळू शकतात. परवाना आणि बोट असलेल्याला बुशेल. आणि तारेचे पिंजरे लावण्याची मुभा केवळ ज्यांची मालमत्ता पाण्याला लागून आहे त्यांनाच, तीही दोन पिंजऱ्यांपुरती. पिंजऱ्यात खाडीतील कासवे अडकून गुदमरू नयेत म्हणून त्याच्या तोंडाला विशिष्ट चौकट बसवावी लागते.

प्रथमदर्शनी ही विभागणी समंजस वाटते. परंतु पिंजरा मालक झोपलेला असतानाही काम करतो, सुतळीवाल्याला मात्र उन्हात उभे राहावे लागते. पाणी सर्वांचे, खेकडा सर्वांचा, पण श्रम वाचवणारे साधन जमीनमालकाचे, असा हा प्रकार आहे. उद्या आणखी कपात करण्याची वेळ आली तर ती सरसकट टक्केवारीने करणे न्याय्य ठरणार नाही. ज्याच्या घरी खेकडा हा रविवारचा विरंगुळा आहे आणि ज्याच्या घरी तो आठवड्यातील एक जेवण आहे, त्या दोघांची टोपली वेगळी आहे. कात्री प्रथम बुशेलला लागावी, दोन डझनांना शेवटी.

आणखी एक कटू सत्य या संदर्भात नोंदले पाहिजे. उपसागराचा ऱ्हास केवळ पकडीमुळे झालेला नाही. शेतांतून आणि शहरांतून वाहून येणाऱ्या नायट्रोजन व फॉस्फरसमुळे उन्हाळ्यात पाण्याचे मोठे पट्टे प्राणवायूवाचून राहतात. पिलांना आसरा देणाऱ्या पाण्याखालच्या गवताची १९७२ च्या ‘ॲग्नेस’ वादळात अपरिमित हानी झाली. आणि ज्या निळ्या कॅटफिश माशाला आज खेकड्यांचा शत्रू म्हटले जाते, तो स्वतःहून तेथे आलेला नाही. गळ टाकणाऱ्या हौशी मंडळींना मोठा मासा मिळावा म्हणून १९७० च्या दशकात व्हर्जिनियाच्या नद्यांत तो मुद्दाम सोडण्यात आला होता. एका हौसेची किंमत दुसरी हौस आणि एक सबंध व्यवसाय मोजत आहे. मनोरंजन हे आर्थिकदृष्ट्या निरुपद्रवी असते, या समजुतीला यापेक्षा चांगले उत्तर कोणते?

भत्त्यासारखी मर्यादा

शेवटचा मुद्दा वेळापत्रकाचा. हिवाळी गणना मार्चमध्ये संपते आणि तिचे निष्कर्ष साधारणपणे मे महिन्यात प्रसिद्ध होतात. त्यावर चर्चा होऊन जुलैपासून नव्या मर्यादा लागू होतात. हंगाम मात्र १ एप्रिललाच सुरू झालेला असतो. म्हणजे पहिले तीन महिने खर्च चालतो तो गेल्या वर्षीच्या अंदाजपत्रकावर. एप्रिलच्या थंड पाण्यात फारसे खेकडे मिळत नाहीत, त्यामुळे यात मोठी हानी होत नाही, असा युक्तिवाद करता येईल आणि तो बराचसा खरा आहे. परंतु मे-जूनमधील निर्णय हा दरवर्षी नव्याने होणारा सौदा बनतो, हे अधिक घातक आहे. आकडा वाईट आला की प्रत्येक गट तो कसा अपवादात्मक आहे हे पटवू लागतो. आकडा चांगला आला की सैलपणाची मागणी तत्काळ पुढे येते. २००८ पासून बंद असलेले हिवाळी खरवडणे पुन्हा सुरू करण्याचा वाद व्हर्जिनियात २०२४ मध्ये उफाळून आला, तो एकूण संख्या ३२ कोटींच्या आसपास असताना. पुढच्याच वर्षी ती चोवीस कोटींखाली आली.

यावरचा उपाय आपल्या वाचकांना चांगला परिचित आहे. महागाईचा निर्देशांक वाढला की महागाई भत्ता किती वाढावा, याचे सूत्र आधी ठरलेले असते. दर वेळी मूळ तत्त्वावर वाद घालावा लागत नाही. तसाच एक तक्ता हंगामापूर्वीच जाहीर व्हावा. प्रौढ नर अमुक संख्येखाली गेले तर हौशी नौकेला अर्धा बुशेल, माद्या इष्ट रेषेच्या वर गेल्या तर अमुक सवलत, आणि हे दोन्ही राज्यांत व पोटोमॅकवर एकसारखे. आकडा येताच मर्यादा आपोआप ठरेल. जो माणूस मार्चमध्ये पिंजऱ्याची तार बदलतो आहे त्याला जुलैमध्ये काय होऊ शकते हे तेव्हाच कळेल, आणि दोराच्या नव्या गुंडाळीवर खर्च करायचा की नाही हेही ठरवता येईल. नियमाची अनिश्चितता हीसुद्धा एक किंमतच असते. ती टाळता आली तर त्यागाची तयारी वाढते. २०२३ मध्ये या साठ्याचे नवे सविस्तर शास्त्रीय मूल्यमापन हाती घेण्यात आले. त्यातून नरांसाठीही स्पष्ट रेषा आखल्या गेल्या, तर असा तक्ता करणे अवघड जाऊ नये.

आपल्या किनाऱ्याकडे पाहताना

महाराष्ट्रातील यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्याने शासनाला असे निर्बंध घालण्याचा अधिकार दिला. त्याआधीही नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्याला ओढून ठेवण्याची आपल्या कोळी समाजाची रीत होती. खवळलेल्या समुद्राचे भय आणि माशांच्या प्रजननाचा काळ या दोन्ही गोष्टी त्या रीतीत सामावल्या होत्या. कायद्याने कालनिर्णय केला, पण परिमाणाचा प्रश्न तसाच राहिला. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था दरवर्षी किनाऱ्यावर उतरलेल्या मासळीचे अंदाज प्रसिद्ध करते. हे काम मोलाचे आहे. परंतु उतरलेली मासळी म्हणजे बँकेतून काढलेली रक्कम. शिल्लक किती, हा वेगळा प्रश्न आहे. १ ऑगस्टला नौका सुटण्यापूर्वी निदान प्रमुख जातींची शिल्लक मच्छीमार संस्थांसमोर, त्यांना समजेल अशा मराठीत मांडली जावी, ही अपेक्षा अवास्तव म्हणता येणार नाही.

हा प्रश्न दूरचा नाही, याचे आणखी एक कारण आहे. अमेरिकेतील डबाबंद खेकड्याच्या मांसाचा मोठा भाग आशियातून जातो. त्यात आपल्या तामिळनाडूच्या किनाऱ्यावर पकडलेल्या, निळ्याच रंगाच्या पण वेगळ्या जातीच्या खेकड्यांचा वाटा आहे. चेसापीकमध्ये टंचाई झाली की तिथली भूक इथल्या पाण्यापर्यंत पोहोचते. तेथे नियंत्रणाखाली आलेली मागणी आपल्या अनियंत्रित किनाऱ्यावर उतरू नये, याची काळजी आपणच घ्यायची आहे.

हंगामाची तयारी म्हणजे केवळ जाळी विणणे आणि इंजिनाला तेल घालणे नव्हे. किती आहे हे आधी मोजणे, किती घ्यायचे हे आधी ठरवणे आणि कोणी आधी थांबायचे हे आधी मान्य करणे, ही खरी तयारी होय. चेसापीकने यांपैकी पहिली गोष्ट उत्तम साधली, दुसरी अर्धवट, आणि तिसरी अजून साधायची आहे. आपल्याला तर पहिल्यापासूनच सुरुवात करावी लागेल. समुद्र उधारीवर देतो, पण वसुलीची तारीख तो आधी कळवीत नाही. म्हणून हिशेबाची तारीख आपणच ठरवलेली बरी.